काठोकाठ पाणी

आमच्या शहरात सगळीकडंच नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. त्यामुळं पाणी वाया जाताना दिसलं की माझं डोकं फिरतं. मी रोज सकाळी पडेगावकडच्या एका जलतरण तलावात पोहायला जातो. तिथं पाणी काठोकाठ भरलेलं असायचं आणि कुणी जोरात हात मारला की काठावरून बाजूच्या नालीत सांडायचं.

त्यावरून मी तिथल्या जीवरक्षकाशी आठवडाभर भांडलो. "अहो, इथं लोकांना प्यायला पाणी नाय आन् तुम्ही नालीत सोडताय?" नालीतलं पाणी गाळून परत तलावातच येतं, असं तो बिचारा सांगत होता. मी ऐकतोय कुठला! शेवटी वैतागून त्यानं वीतभर पाणी उपसून बागेला सोडलं. मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो आणि निम्म्यातच दमलो. रोजच्या तेवढ्याच फेऱ्यांना चांगली तीन मिनिटं जास्त लागली. बाकीचेही कुरकुरायला लागले. जीवरक्षक मात्र खुर्चीत बसून हसत होता.

"पहिलं लाट काठावरून नालीत पडायची आन् तिथंच संपायची," तो म्हणाला. "आता ती भिंतीवर आपटून परत तुमच्याच तोंडावर येते. म्हणून तर काठोकाठ भरतो, साहेब."

मी हळूच म्हणालो, "मग भरा की परत."

"भरतो ना. नळ आले की लगेच."

नळ कालच येऊन गेले होते.