तासिकेच्या मेघा मॅडम आणि आलेखांची पुस्तिका

जून आला की मेघाची मुलाखत व्हायची. ज्या कॉलेजात ती वर्षानुवर्षं शिकवत होती त्याच कॉलेजात, त्याच लोकांपुढं, "आपला परिचय द्या" इथपासून सुरुवात. समोर बसलेले विभागप्रमुख केशव सर एप्रिलपर्यंत तिच्या डब्यातली मेथीची भाजी खात आलेले असायचे, आणि आज असं तोंड करून विचारायचे की जणू ही बाई पहिल्यांदाच बघतोय. हसावं की रडावं? तासिका तत्त्वावरच्या मास्तराला दोन्हींची मुभा नसते. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, उन्हाळ्यात तास संपले की नोकरीही संपली, आणि जूनला पुन्हा उमेदवारांच्या बाकावर.

घरी मात्र यातलं अवाक्षर काढायची सोय नव्हती. भावसिंगपुऱ्यात तिची आई मनकर्णाबाई गल्लीभर सांगत फिरायची, "आमची मेघा प्रोफेसर हाय, कॉम्प्युटरची." वाळूजच्या कंपनीत खोकी चिकटवता चिकटवता बाईची उमर गेली. तिच्या तोंडचा तो शब्द काढून घ्यायला काळीज लागतं, ते मेघाकडं नव्हतं. दुसरी नोकरी धरावी तर आई विचारणार, प्रोफेसरकी का सोडली? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

त्या साली, म्हणजे दोन हजार एकोणीसला, दुष्काळानं सगळ्यांचीच दैना केली. कॉलेज बीड बायपासकडं. चहूबाजूंनी फ्लॅटच्या स्कीमा उठत होत्या आणि एकेका नव्याकोऱ्या बिल्डिंगपुढं टँकर उभे. मुलींच्या होस्टेलची बोअर उन्हाळा लागायच्या आतच आटली. संस्थेनं फर्मान काढलं की पोरींनी आपापल्या गावी जावं, आणि शनिवारी तेवढं प्रॅक्टिकलला यावं.

केशव सरांनी मेघाला बोलावलं. "मॅडम, आपली ती आलेखांची पुस्तिका जरा साफसूफ करा. मुलींना घरी बसून वाचली तरी कळली पाहिजे."

आकडे दिले की आलेख काढून देणारी, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडाचा साठा, आहे. ती शिकताना नवशिक्यानं करून बघायची उदाहरणं त्या पुस्तिकेत होती. कुण्या महाभागानं ती जमवली होती देव जाणे. आकड्यांना दिलेली नावं म्हणाल तर ए, एए, एएए. सेमीकोलन टाकून एकेका ओळीत तीन-तीन कामं कोंबलेली, शहागंजच्या काळीपिवळी जीपमध्ये माणसं कोंबतात तशी. त्यालाही कारण होतं. हा सगळा कोड पोरांना जर्नलमध्ये पेनानं लिहून काढावा लागतो. व्हय, विषय कॉम्प्युटरचा आणि लिहायचं पेनानं! उजव्या पानावर कोड, डाव्या कोऱ्या पानावर आलेखाची प्रिंट चिकटवायची, बाहेरून येणारा परीक्षक ती वही चाळतो. ओळी जितक्या कमी तितका हात कमी दुखतो, म्हणून कोंबाकोंबी.

मेघा कामाला लागली आणि तिला त्याची गोडीच लागली. 'एए'च्या जागी 'महिने' लिहिलं, 'एएए'च्या जागी 'पाऊस', इंग्रजी अक्षरांत. एका ओळीला एकच काम. नियम तेवढा एक पाळायचा, की कोड कितीही नेटका करा, आलेख होता तसाच निघाला पाहिजे. अर्धी पुस्तिका, म्हणजे पहिला भाग, झाला तसा तिनं पोरींना वाटला. शनिवारी पोरी आल्या, आधी कुरकुरल्या की लिहायला पानं जास्त लागतात. एकीनं विचारलं, "मॅडम, स्पेस सोडायची म्हंजे किती बोटं?" मेघा म्हणाली, "करंगळीएवढी." पण आलेख मात्र सगळ्यांचे पहिल्या झटक्यात निघाले. कुणी हाक मारली नाही, कुणी अडलं नाही. मेघा प्रयोगशाळेत नुसती हिंडत राहिली, आणि लई खूश झाली.

ती खुशी सोमवारपर्यंत टिकली.

"काय काम केलंय मॅडम," केशव सर मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. "व्यवस्थापनाला दाखवलं. ते म्हणाले, एवढं सोपं झालंय तर प्रॅक्टिकलला तासिकेचे शिक्षक कशाला? कडुबा कॉम्प्युटर चालू करून देईल, पोरी पुस्तिका बघून करतील. सध्या तुमचे निम्मे तास कमी केलेत. दुसरा भाग झाला की मग बाकीचं बघू."

कडुबा म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई. भला माणूस, त्याच्यावर तरी काय रागवायचं.

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्यानंच औषध असं दिलं की वैद्याला निरोप. दुसरा भाग नेटका झाला की उरलेले तासही जाणार, आणि तासच नाहीत तर जूनची मुलाखत कशाची? राग आला तो तिला स्वतःचाच आला. घरी मनकर्णाबाई म्हणाली, "आज लवकर आलीस माय?" मेघा म्हणाली, "मीटिंग नव्हती." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मग तिनं जे केलं ते कुणालाही सुचलं असतं. दुसऱ्या भागाला तिनं हातच लावला नाही. वरचं पान तेवढं नवं केलं, आत सगळी घाण तशीच, आणि छापून वाटून टाकला. अडू देत पोरी, म्हणाली मनाशी. अडल्या तरच मॅडम आठवतील.

आणि अडल्या. पुढच्या शनिवारी चहूकडून "मॅडम, मॅडम" सुरू झालं. केशव सर दारातून डोकावले, गोंधळ बघितला आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही आहात." मेघाला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती त्या वेळी वाटली नाही.

कोपऱ्यात सत्यशीला बसली होती. सोयगावकडची पोर, पहाटेची एसटी धरून यायची. तिनं हाक मारली नव्हती. मेघा जवळ गेली तर ती जर्नल मिटून पिशवीत घालत होती.

"काय गं, झालं?"

"नाय मॅडम. मी हा विषय सोडते. मला डोकंच नाय."

पडद्यावर आलेख होता. गेल्या सालचा जिल्ह्याचा पाऊस, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा, आणि रेष सरळ वर चढत गेलेली, शिडी लावल्यासारखी.

"आमच्याकडं असा पाऊस पडलाच नाय ना," सत्यशीला म्हणाली. "जूनमधी जरा पडला अन् मग गेला तो गेलाच. बापाची कपाशी जळाली, मला दिसत नाय का? कायतरी चुकलंय एवढं कळतंय. पर कुठं चुकलं ते तीनदा लिहून काढलं तरी सापडंना. पहिल्या भागात सगळं येत होतं, तवा वाटलं आपल्याला जमतंय. ते उगंच वाटलं."

मेघानं वही बघितली. एकाच ओळीत तीन कामं. महिन्यांना जे नाव दिलं तेच नाव पुढं पावसाला. दाटीवाटीत लिहिताना पोरीचं मधलं काम, म्हणजे पावसाचे आकडेच, गळाले होते, आणि नाव एकच असल्यानं कॉम्प्युटरनंही तक्रार केली नाही. महिन्यांसमोर महिनेच मांडले गेले, मग रेष चढणार नाही तर काय? पोरीचं काहीएक चुकलं नव्हतं. चुकायची जागा मेघानं तिच्यासाठी राखून ठेवली होती.

आता मात्र तिला लाज वाटली. अशी वाटली की कान तापले.

"वही काढ," ती म्हणाली. स्वतः खुर्ची ओढून बसली आणि तिथंच, पोरीसमोर, ती ओळ सोडवली. महिन्यांना महिन्यांचं नाव, पावसाला पावसाचं. एका ओळीला एक काम. मध्ये एक मोकळी ओळ. समजावलं काहीच नाही, फक्त लिहून बाजूला झाली. सत्यशीलानं वाचलं, स्वतः टाईप केलं, बटण दाबलं. रेष जूनला जराशी वरून निघाली आणि धपकन खाली आली.

"हा आमचा पाऊस," पोर म्हणाली. मग पुढचं उदाहरण तिनं मेघाला न विचारता स्वतःच तसं सोडवायला घेतलं. ए खोडून नाव लिहिलं, ओळ तोडली, पुन्हा बटण दाबलं. शेजारची पोरगी तिच्या पडद्यात डोकवायला लागली, तर तिलाही सांगू लागली.

मेघा मागं उभी राहून बघत होती. बराच वेळ कुणी हाक मारली नाही.

"मॅडम," शेवटी सत्यशीलाच वळून म्हणाली, तोंडभर हसत, "आता सगळ्या पुस्तिकेत असंच लिहून द्या. मग तुमी नसल्या तरी आमचं अडायचं नाय."

पोरीनं ते कौतुकानं म्हटलं होतं.

"देते," मेघा म्हणाली. रविवारभर बसून तिनं दुसरा भाग नेटका केला, एकूण एक उदाहरण, आणि सोमवारी सकाळी केशव सरांनी मागायच्या आत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाहेर कडुबा भेटला. प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडंच राहिली होती, ती तिनं त्याच्या हातात दिली आणि कुठला कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ घेतो ते त्याला समजावून सांगितलं.