चालतंय तोवर हात लावू नका

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला घरात सगळे 'रेडिओ' म्हणतात. तो बोलायला लागला आणि मग थांबलाच नाही, एवढंच त्यामागचं कारण. शाळेत असताना तो घरातल्या भांडणाचं सामन्यासारखं धावतं वर्णन करायचा. "आई पुढे सरसावली आहे, बाबांनी वर्तमानपत्राचा आडोसा घेतला आहे," असं दारामागून ऐकू आलं की भांडणाऱ्यांना हसू फुटे आणि भांडण तिथेच मोडे. त्याची थोरली बहीण अगदी उलट. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, मी मामा असूनही. ती कमी बोलायची. हातात खेळणं दिलं की ते कुठून मोडेल, हे ती आधी शोधायची.

दोघं पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली. रेडिओ प्रोग्राम लिहायला लागला. ताई लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तपासायचे, हे तिचं काम. म्हणजे तिला लहानपणचंच काम मिळालं, फक्त आता त्याचा पगार होता.

नोकरी सांभाळून रेडिओने एक पॉडकास्ट सुरू केला. ऑफिसातला एक मित्र सोबतीला होता. त्याला सगळे दाढी म्हणत, कारण चेहऱ्यावर बाकी काही दिसत नसे. बहिणीच्या घरातल्या कपड्यांच्या खोलीत दोघं गाद्यांच्या मध्ये बसून रेकॉर्डिंग करत, आवाज घुमू नये म्हणून. विषय ठरलेला असे: कॉम्प्युटरवाल्यांच्या फजित्या. एकाने चुकून सगळ्या ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा पाठवल्या, दुसऱ्याने रजेवर जाताना पासवर्डही बरोबर कसा नेला, असलं काहीतरी. कार्यक्रमाचं नाव होतं 'चालतंय तोवर हात लावू नका'. प्रोग्रामवाल्यांचा तो नेहमीचा विनोद आहे म्हणे. आज ते नाव आठवलं की मी जिन्यात असेन तर कठडा धरतो.

कार्यक्रम लिहिण्याची त्याची पद्धत मला आवडायची. प्रोग्राम लिहिणारे 'गिट' नावाचं एक साधन वापरतात. त्यात केलेला प्रत्येक बदल राहतो. कोणी केला, केव्हा केला, आणि का केला याची एक ओळ सोबत. खोडलेलंही जात नाही, मागे जाऊन वाचता येतं. मी आयुष्यभर हिशेबखात्यात काढलं. तिथे चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळे मला ते लगेच समजलं. रेडिओ आपले विनोदही त्यातच लिहायचा. बदलाच्या कारणाची ओळ मात्र तो कधीच सरळ लिहीत नसे. 'दाढीचा विनोद काढला, समाजाचं भलं झालं', 'बाबांचा उल्लेख काढला, अजून याच घरात राहायचंय'. दाढी म्हणायचा की कार्यक्रमापेक्षा ह्या ओळीच जास्त चांगल्या आहेत.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताई ताटात बोटं फिरवत बसली होती. आईने दोनदा विचारल्यावर ती बोलली. त्यांच्या नव्या लिफ्टमध्ये एक दोष सापडला होता. वीज गेली, आली आणि लगेच पुन्हा गेली, की लिफ्ट आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे विसरते. कधीकधी लिफ्ट भलतीकडे असते आणि दार मात्र उघडतं. तिने तसा अहवाल दिला होता. साहेब म्हणाले होते, पुढच्या आवृत्तीत बघू.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर लोक चढतील, उतरतील," ती म्हणाली.

रेडिओ जेवण टाकून उठला आणि ती म्हणाली ते जसंच्या तसं गिटमध्ये टिपून आला. तिचा हुद्दा, कंपनी, अहवालाचा क्रमांक, सगळं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला बजावलं की यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर नोकरी गेली म्हणून समज. त्याने लगेच ते काढलं. त्या जागी मजला विसरणाऱ्या एका म्हाताऱ्या लिफ्टची गोष्ट आली. ती चष्मा शोधणाऱ्या बाबांसारखी प्रत्येक मजल्यावर थांबून 'इथेच ठेवला होता' म्हणते. लोक हसून लोळले. त्या एका भागाने कार्यक्रमाचं नाव झालं. मोठी माणसं मुलाखतीला यायला लागली, रेडिओने नोकरी सोडली. ताईसुद्धा हसली होती. मी ऐकलं तेव्हा मात्र हसता हसता मध्येच थांबलो, कारण आमच्या इमारतीतली लिफ्ट त्याच कंपनीची आहे.

यशाच्या आनंदात रेडिओने एक गोष्ट केली. विनोद कसा घडतो ते श्रोत्यांना बघू दे, म्हणून त्याने सगळं लिखाण सर्वांसाठी खुलं केलं. शेवटचा मजकूर काय आहे, तो त्याने नीट तपासला. मागच्या खोडलेल्या पानांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. रोज तेच साधन वापरणारा माणूस तो. पण स्वतःच्या घरात कोणी मागच्या दाराने येईल, असं कोणाला वाटतं?

'जिन्याने जाणारा' असं नाव घेतलेल्या एकाने एका भागाखाली प्रतिक्रिया लिहिली. त्याने बाबांवरच्या एका विनोदाचं कौतुक केलं होतं. तो विनोद प्रसारित झालेलाच नव्हता. रेडिओ खूश झाला. कोणीतरी एवढ्या आवडीने जुनं वाचतंय. काही दिवसांनी त्याच माणसाने लिहिलं, 'लिफ्टचा भाग आधी जास्त चांगला होता.' रेडिओने उत्तरात हसरा चेहरा टाकला. तिसरी प्रतिक्रिया एवढीच होती: 'मग, ताईंनी मारलं का?'

रेडिओला ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने जुन्या नोंदी उघडल्या. ज्या दिवशी ताईचा मजकूर काढला, त्या दिवशीच्या बदलापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'ताईने सांगितलेलं काढलं, नाहीतर ती मला मारेल.'

शेकडो बदलांत शोधणाऱ्याला ते कधी सापडलं नसतं. ह्याने त्यावर पाटी लावून ठेवली होती.

दाढीला बोलावून त्याने ते लिखाण मुळापासून पुसलं. तसंही करता येतं. अवघड असतं, आणि जाणकार सहसा करत नाहीत. मधला दुवा काढून साखळी पुन्हा जोडायची, म्हणजे तो दुवा कधी नव्हताच. दोघांकडच्या प्रतीही त्यांनी पुसल्या. त्या माणसाने आधीच उतरवून घेतलं असेल तर काय, असं रेडिओने विचारलं. दाढीने खांदे उडवले. ताईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यानंतर जिन्याने जाणारा गप्प झाला. रेडिओ रोज प्रतिक्रिया उघडून बघायचा आणि तो नाही हे बघून त्याला जास्तच भीती वाटायची. कार्यक्रमात तो मोठ्याने हसायला लागला, विनोदाच्या आधीच.

मग एका इमारतीत अपघात झाला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. दार उघडलं, आणि तिथल्या रखवालदाराने सवयीने पाय पुढे टाकला. खाली लिफ्ट नव्हती. तो वाचला, पण त्याची कंबर कामातून गेली.

ताईने घरी येऊन बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. आम्ही समोरच बसलो होतो. ऑफिसच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'तपासले, ठीक' असं होतं. तिचा अहवाल तिथे नव्हताच. चौकशी लागली होती आणि दोष तिच्यावर येत होता. पण हे सांगताना ती घाबरलेली दिसली नाही. ती भावाकडे वळली.

"तू त्या दिवशी लिहून घेतलं होतंस ना? तुझ्या त्या गिटमध्ये असेल. तारखेसकट."

रेडिओ पायाखालच्या फरशीकडे बघायला लागला. मी त्याला गप्प बसलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"काढलं होतंस ते माहीत आहे. पण मागे राहतं ना ते?"

"पुसलं," तो म्हणाला.

"पुसलं म्हणजे?"

"मुळापासून. लिखाण सगळ्यांना खुलं केलं होतं, कोणीतरी ते वाचलं. तुझी नोकरी जाईल म्हणून..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठीच केलं, ताई."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. मग तिने बॅग खाली ठेवली, अगदी सावकाश, जणू तिच्यात काच होती.

पुढचा भाग रेडिओने एकट्याने रेकॉर्ड केला. ताईला विचारूनच. ती म्हणाली, "बोल. आता लपवायला उरलंय काय?" त्यात एकही विनोद नव्हता. बहिणीने काय सांगितलं, आपण ते कसं टिपलं, कसं उघडं टाकलं आणि कसं पुसलं, हे त्याने ओळीने सांगितलं. शेवटी म्हणाला, "जिन्याने जाणाऱ्याकडे प्रत असेल तर त्याने ती द्यावी." श्रोत्यांना वाटलं, हाही विनोदच आहे. खाली हसरे चेहरे जमत गेले.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्या चेहऱ्यांत एक उत्तर आलं. 'लिफ्टचा भाग गाजल्यावर माहिती कुठून फुटते ते शोधायला कंपनीने मला बसवलं होतं. एक प्रत मी साहेबांना दिली. ताईंनी बाहेर सांगितलं, याचा पुरावा म्हणून उद्या तीच पुढे ठेवतील. त्यांना वरची तारीख मोठ्याने वाचायला सांगा.' थोड्या वेळाने ते नावही दिसेनासं झालं.

चौकशीला रेडिओ आणि मी खाली थांबलो होतो. वर काय झालं ते ताईने नंतर सांगितलं. साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि हे तुमचेच शब्द ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. मग तिने वरची तारीख वाचायची विनंती केली. अपघाताच्या कितीतरी आधीची ती तारीख, आणि खाली तिच्या अहवालाचा क्रमांक. कंपनीनेच पुढे केलेला कागद. खोटा म्हणायची सोय नव्हती. टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणी ती वाचली नाही. साहेबांनी कागद उचलून पालथा ठेवला आणि आजचं काम संपलं म्हणून सांगितलं.

ती जिन्याने खाली आली.

तिला पुन्हा बोलावलं नाही. दोषही लावला नाही. दोन ओळींचं पत्र आलं: चौकशी बंद, आपण पूर्ववत रुजू व्हावे. ती रुजू झाली. अहवाल तिने पुन्हा लिहिला आणि दिला. या वेळी एक प्रत घरी आणून ठेवली. साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू.

कार्यक्रम आता दाढी चालवतो. बरा करतो. रेडिओ पुन्हा एका ऑफिसात प्रोग्राम लिहितो आणि बदलांपुढची कारणं सरळ, कोरडी लिहितो, असं दाढी सांगतो. घरात तो विचारलं तेवढंच बोलतो. परवा तो आणि ताई माझ्याकडे आले होते. निघताना मी सवयीने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. ती आमच्या मजल्यापेक्षा वीतभर खाली थांबली होती.

तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. मग रेडिओने ताईचा हात धरला आणि दोघं जिन्याकडे वळली. मागे दार आपोआप बंद झालं आणि लिफ्ट खाली गेली. कोणीतरी खालून बोलावलं असावं.