एकच रमा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि पोटात गोष्टी ठेवणारी अशी माझी ख्याती नाही बरं का — 'हिला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली' असं आई म्हणायची. पण ही एक राहिली. ऐका, आणि माझ्याबद्दल जे वाटायचं ते खुशाल वाटू द्या.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होते. एकाच माणसाच्या दोनदा झालेल्या नोंदी शोधायच्या आणि त्या एक करायच्या, याचा मला पगार मिळायचा. त्यामुळे आमच्या घराण्याचं कुलसंमेलन ठरलं तेव्हा वंशावळ इंटरनेटवर चढवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. जुना छापील कुलवृत्तांत होता, पण त्यात बायका म्हणजे नुसत्या 'पत्नी'. मी भडकले! लग्नात मी माझं नाव बदलू दिलं नव्हतं, त्यावरून सासरी चांगलं रामायण झालेलं. मी ठरवलं, आता प्रत्येकीचं माहेरचं नाव शोधून टाकायचं. म्हाताऱ्या बायका फोनवर रडल्या हो माझ्याशी. कौतुक झालं, आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

त्या साइटवर झाड सगळ्यांचं मिळून एकच असतं. कोणीही भर घालावी, ती सगळ्यांना दिसते. एके दिवशी आमच्या अण्णांशेजारी — अण्णा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील — एक नवीन बायको उगवली. नाव रमा. माझ्या आजीचंही नाव रमाच. पण ही रमा आजीच्या लग्नाच्या आधीच वारलेली, आणि तिला एक मुलगी. मुलगी हयात. साइट जिवंत माणसांची नावं लपवते, म्हणून नोंद करणाऱ्याला मी निरोप धाडला. तो त्या मुलीचा नातू निघाला, येरवड्याला राहणारा, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला.

मी गेले त्यांच्याकडे. ती मुलगी म्हणजे कुसुमआत्या, नव्वदीला टेकलेली, कानाने धड. बाबांचंच कपाळ, बाबांचीच हनुवटी. मला काय पुरावा हवा होता आणखी? तिने सांगितलं ते इतकंच — ती अंगावर पीत होती तेव्हा आई माहेरी तापाने गेली. वडील न्यायला आलेच नाहीत. मामाने वाढवलं. "मला तुमचं काही नको गं," ती म्हणाली, "फक्त आईचं नाव त्यांच्याशेजारी लागू दे. कोणाची तरी होती ती, एवढं दिसू दे." मी तिच्या पाया पडले. हो म्हणाले.

मग घराण्यातल्या सगळ्यात वयस्कर चुलतआजींना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. दोघींची नावं सारखी कशी, विचारलं तर म्हणाल्या, "अगं, दुसरीला पहिलीचंच नाव ठेवलं. घरातल्यांची हाक मारायची सवय कशाला मोडा!" आणि हसल्या.

आता बाबा. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. अण्णा म्हणजे त्यांचा देव. संमेलनात पडद्यावर वंशावळ दाखवायची आणि बाबांनी अण्णांवर बोलायचं, असं ठरलेलं. तान्ह्या लेकीला टाकणारे अण्णा मी त्या पडद्यावर आणू? बाबांच्या भाषणाच्या मागे? मी स्वतःशी म्हटलं, बाबांना जपायला हवं. पण खरं सांगू — मला बाबांसमोर बसून ते सांगायची भीती वाटत होती. एवढी मोठी घोडी झाले तरी वडिलांचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. याला जपणं म्हणतात का?

आणि त्या यंत्राने मला वाट दाखवली. साइटवर आपोआप सूचना आली — नाव एक, नवरा एक, या दोन व्यक्ती एकच आहेत का?

मी 'हो' दाबलं.

वाटलं तर दोन्हींतल्या कुठल्या नोंदी ठेवायच्या तेही निवडता येत होतं. मी आजीचं मृत्यूचं साल ठेवलं, आजीचा फोटो ठेवला — मांडीवर बाबांना घेतलेला. माझं रोजचंच काम की ते! पहिलीचं काही उरलं नाही. तिचं माहेरचं नावसुद्धा गेलं. मुलगी तेवढी राहिली, पण जिवंतांची नावं झाकलेलीच असतात, त्या चौकटींत ती खपून गेली. संमेलन छान झालं, बाबा फार सुंदर बोलले, आणि मला शाल मिळाली.

पुढच्या आठवड्यात कुसुमआत्याचा फोन. नातवाने तिला फोटो दाखवला होता. तिचा आवाज आधी ओळखूच येईना. "बाळ, यात लिहिलंय आई पुष्कळ वर्षं जगली. पुण्यातच होती म्हणे. मांडीवर मूल आहे तिच्या." मग म्हणाली, "मला तर गेली म्हणून सांगितलं होतं. एवढंच सांग, ही तीच का?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? एका वाक्याचं काम होतं. नाही आत्या, ही दुसरी, तुमची आई खरंच गेली, तिने तुम्हाला टाकलं नाही. पण ते म्हटलं की मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "कॉम्प्युटर तेच दाखवतोय, आत्या."

ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने कधी फोन केला नाही. नातवानेही काही विचारलं नाही — आजीची आठवण चुकली असेल, असं तो धरून चालला असावा. कॉम्प्युटर चुकेल असं आम्हा लोकांना वाटतच नाही.

पुढे बाबा गेले. त्यांचं आता काही दुखणार नव्हतं. एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करता येतात, मला पक्कं माहीत होतं. मी केल्या नाहीत. सुट्या केल्या की आधीची जोडणी कोणी केली होती ते सगळ्यांना कळतं, आणि तिथे माझं नाव होतं ना.

मग कुसुमआत्या गेली. मी भेटायला गेले, तोंड वर करून. नातसून चहा देता देता सहज बोलली. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आत्या दरवर्षी आईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, स्वतः पुरण वाटायची. शेवटची काही वर्षं मात्र बंद केलं होतं. का, म्हणून नातसुनेने विचारलं तर आत्या म्हणाली, "जिने मला टाकलं, तिला मी का जेवू घालू?"

मी चहा संपवला. त्या घरात सगळे होते, सांगायला हरकत नव्हती. मी कप विसळून ठेवला आणि निघाले.