शेवटची ओव्हर आणि दुसऱ्यांचा मांडव

वारणानगरच्या टेनिस बॉल स्पर्धेची फायनल जिंकून दिली आणि मी धावत हरलेल्या संघाच्या मांडवात शिरलो.

आज खांद्याला बाम चोळताना त्या उग्र वासासरशी ते मैदान आठवलं. बोलिंगला जायच्या आधी हाच बाम फासायचो. मी कुठल्याच एका गावाचा नव्हतो. शेवटची ओव्हर टाकायला ज्यांना माणूस हवा, त्यांच्याकडून खेळायचो. त्या दिवशी पन्हाळ्याकडच्या संघानं नेलं होतं. त्याआधी दुसऱ्या संघांकडून खेळलेले दोन सामने मीच घालवलेले. हाही गेला असता तर पुन्हा कुणी गाडीत घेतलं नसतं. शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना चार रन हवे होते आणि मी दांडी उडवली. आनंदाच्या भरात पाय सवयीनं गेल्या वर्षीच्या माझ्या संघाकडं वळले. हात वर करून आत घुसलो, तर सगळे तोंडं पाडून बसलेले.

तेव्हा लाजेनं मेलो होतो. आता मात्र आठवतं ते त्यांनी सरकून मला बाकावर दिलेली जागा आणि हातात ठेवलेला गार ताकाचा तांब्या. नुकत्याच हरलेल्या माणसांनी एवढं कशाला करावं?

मी तांब्या पालथा केला, तसे त्यांचे कॅप्टन तानाजीअण्णा म्हणाले, "पावणं, आमची मॅच घालवलीसा ती घालवलीसा, आता ताकबी संपवून जातासा व्हय?"