ब्लोअरमधलं खोबरेल

एसीच्या गारव्यात खोबरेलाची बाटली गोठली की मला शारजातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. तिथल्या एसीचा ब्लोअर घरघरायचा. दापोलीकडचे एक मेकॅनिक तो साफ करून गेले, तरी किंचित आवाज राहिलाच. मी तेव्हा भलतीच हुशार! स्टुलावर चढून पंख्याच्या दांड्यावर सढळ हाताने खोबरेल सोडलं. ते गोठलं, त्यावर धूळ बसली आणि दोन दिवसांत एसी जात्यासारखा घरघरू लागला. वर या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, लगेच मेकॅनिकच्या कंपनीत तक्रार ठोकली, "तुमच्या माणसानेच बिघडवला." सुपरवायझर मेकॅनिकना घेऊनच आला. त्यांनी पंखा काढला, बोटावरचा पांढरा थर हुंगला आणि माझ्या तेलकट वेणीकडे पाहिलं. "तेरी गलती है ना? खलास, अब गाँव जा," सुपरवायझर मेकॅनिकवर खेकसला, म्हणजे नोकरीच गेली. मी वेणी पदराआड सारली. मेकॅनिक शांतपणे म्हणाले, "रेती गयी है साहब, पंखा बदलना पडेगा." नवा पंखा बसवून निघताना ते माझ्याजवळ हळूच पुटपुटले, "वहिनी, खोबरेल डोक्यालाच बरं." नातवंडांना मी माझ्या सगळ्या फजित्या रंगवून सांगते, ही मात्र अजून सांगवत नाही. तो नवा पंखा पुढे कितीतरी वर्षं चालला, अगदी माझ्यासारखाच, तोंडातून अवाक्षर न काढता.