कानाला बांधलेलं फडकं

त्या दिवसांत मी देवीशी अबोला धरला होता. भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला समोरच्यानंही बोलावं लागतं. नवरात्रात तलवाड्याला जाऊन मी तिची ओटी भरली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं नीट केलं आणि पदर पसरून एवढंच मागितलं, की पोटातलं लेकरू सुखरूप हाती येऊ दे. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर मला दिवस राहिले होते. मार्गशीर्ष उजाडला आणि माझी ओटी रिकामी झाली. मी तशी रुसणारीच, माहेरी अजून मला त्यावरून चिडवतात, पण देवीवर रुसायची ही पहिलीच वेळ. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं, की आता हिच्याशी बोलायचं नाही.

आमची वस्ती गावापासून लांब, काळ्या रानात आहे. डांबरी रस्ता तिथवर येत नाही. मला पाचवा लागला होता. चोरचोळी, म्हणजे चारचौघांत गाजावाजा न करता घरातल्या घरात भरतात ती पहिली ओटी, नुकतीच झाली होती. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी भाकरी थापताना पोटात कळ आली, मग रक्त दिसलं. आमच्या ह्यांनी आशाताईला फोन केला. ती शेजारच्या गावाहून स्कूटीवर आली, तोवर ह्यांनी बैलगाडीत गादी टाकून ठेवली होती. ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन उभी राहणार होती. तेवढ्या वाटेत आशाताई माझा हात धरून गाडीत बसली होती आणि मी प्रत्येक धक्क्याला देवीचं नाव घेत होते. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावली आणि तिथून बीडला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी सोनोग्राफी केली. मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ सांगितलं, की बाळाचे ठोके लागत नाहीत. मला वाटलं होतं, आता झोपेचं इंजेक्शन देतील आणि सगळं उरकेल. पण कळा पुऱ्या आल्या. लेकरू जिवंत नसलं म्हणून कळा काही सूट देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. एक सिस्टर शेवटपर्यंत माझ्या उशाशी उभी होती. रक्ताची बाटली लावावी लागली. सगळं झाल्यावर तिनं ते पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि हळूच विचारलं, बघायचंय का, आत्ताच सांग असं नाही, मी थांबते. मी बघितलं. त्याबद्दल इथं लिहिणार नाही, तेवढं माझ्यापाशी राहू दे. ह्यांनी ते घरी नेलं आणि आमच्याच रानात बांधाच्या कडेला, बोरीखाली मातीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या नखांत माती होती. ती मी ओल्या फडक्यानं पुसली.

घरून निरोप आला होता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं म्हणणं असं, की मी भर दुपारी मोकळ्या केसांनी विहिरीवर गेले, आणि विहिरीवरच्या आसरांनी लेकरू नेलं. आमच्याकडे विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या आसरा. गेले होते मी विहिरीवर, खोटं कशाला बोलू. शेवटी धीर करून मी मॅडमना विचारलं, तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या. विहीर, केस, हंडा उचलणं, घाबरणं, यातल्या कशानंही असं होत नाही, पुष्कळदा आतच काहीतरी नीट जुळलेलं नसतं, असं त्यांनी समजावलं. तू काही चुकली नाहीस आणि तुझं काही करायचंही राहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. डोक्याला पटलं. मनाला पटायला वेळ लागणार होता.

वॉर्ड बाळंतिणींचा होता. दुसरीकडे जागा नव्हती. सिस्टरनं माझी खाट खिडकीशी कोपऱ्यात सरकवली, मधे पडदा ओढला. पण पडदा डोळ्यांपुढचं झाकतो, कानावरचं नाही. पलीकडे लेकरू रडलं की माझा ब्लाउज ओला व्हायचा. दूध येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी पदर गच्च आवळून भिंतीकडे तोंड करून पडले. सिस्टरनं ओळखलं. दूध येतं आणि आपोआप जातं, पिळू नको, घट्ट बसणारा ब्लाउज घाल, ताप आला किंवा रक्त फार गेलं तर लगेच निघून ये, आणि रडू आलं तर रड, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं. रडू मात्र येत नव्हतं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी हे जीप बघायला गेले आणि मी बाहेर लिंबाच्या पारावर बसले. झोंबरं वारं सुटलं होतं. समोरून बाळंतिणी घरी निघत होत्या. कानात कापूस, कानावरून डोक्याला फडकं बांधलेलं, हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. फडकं बघितलं की कुणीही वाट देतं, गाडीत पुढची जागा देतं. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. ऊन पाण्याची आंघोळ, खाटेखाली शेगडी, बाजरीची भाकरी, मेथी, डिंकाचा लाडू, थंड पाण्यात हात घालू देत नाहीत. आणि जिचं पडलं, तिला? तिला काहीच नाही. ती आजारीही नाही आणि बाळंतीणही नाही. दोन दिवस पडून राहायचं आणि उठून कामाला लागायचं. कापूस झाडावर फुटून लोंबतोय, हेही निरोपात आलंच होतं. माझं डोकं उघडं होतं. ते बांधावं हे घरच्यांच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. घरी जाऊन मी कोण म्हणून उंबरा ओलांडायचा, हेच मला कळत नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन टेकली. धनगराची होती, खांद्यावर घोंगडं, काखेत बोचकं, तोंडाला मिशरीचा वास. तिची लेक आत बाळंत होत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या ब्लाउजकडे बघितलं आणि थेट रागे भरायला लागली.

"कावून बसलीस माय उघड्या डोक्यानं? वारं भरंल की कानात. सोबत कुनी शानं मानूस न्हाई का तुझ्या?"

मी काही सांगायच्या आत तिनं बोचकं सोडलं. आतून कापूस काढून माझ्या दोन्ही कानांत घातला, एक नवंकोरं पिवळं फडकं काढलं आणि माझी मान पुढे ओढून बांधायला लागली. तिचे हात खरखरीत होते आणि बांधणं घट्ट होतं. बांधता बांधता तिनं विचारलं, "लेकरू कुनापाशी हाय?"

आता सांगणं भाग होतं. मी म्हणाले, "न्हाई ऱ्हायलं, आजी. पाचव्यातच गेलं."

मला वाटलं, ती चपापेल. लेक आत अडलेली, आणि आपण कुणाला शिवलो, असं तिच्या मनात येईल आणि फडकं सोडून घेईल. तसं केलं असतं तरी मी तिला नावं ठेवली नसती. तिचा हात थांबला नाही. तिनं गाठ मारली, ती ओढून बघितली आणि मगच बोलली.

"मंग? बाळंतीणच हायस तू. लेकरू ऱ्हायलं न्हाई, ते येगळं. आमच्यात मेंढी गाभडली तरी तिला लगी रानात न्हेत न्हाईत, मेंढरांच्या वाड्यावर ठिवून ऊन पानी पाजतेत. तू तर मानूस हायस. सव्वा महिना हे काढू नको."

मग तिनं भाकरीचा तुकडा आणि गूळ माझ्या हातात कोंबला आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दारातून तिच्या नावानं हाक आली, तशी ती चपला हातात घेऊनच आत पळाली. फडकं, म्हणून मी ओरडले, तर तिनं मागे न बघता नुसता हात हलवला. ते फडकं तिनं लेकीसाठी आणलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लेकीला तिनं काय बांधलं असेल, मला माहीत नाही.

ती गेल्यावर मला रडू आलं. इतक्या दिवसांचं एकदमच आलं. पारावर बसून, तोंडात गूळ घेऊन, मी मोठ्यानं रडले, आणि लोक बघतायत याचं काही वाटलं नाही. तेव्हा मी देवीशीच बोलत होते, हे जरा वेळानं लक्षात आलं. अबोला कधी सुटला ते कळलंच नाही. का नेलंस, हे मी तिला विचारलंच. तिनं उत्तर दिलं नाही. पण मी विचारत होते आणि ती ऐकत होती, एवढं मला त्या पारावर पक्कं वाटलं.

जीपमध्ये ह्यांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, देवीच आली होती. मी म्हटलं, देवी मिशरी लावत असेल तर असेल बाई. दोघंही हसलो. मी कुणाशी वाद घालत नाही. म्हातारी हाडामांसाची होती आणि तिच्या लेकीला कळा येत होत्या. त्या घाईत तिला माझंच उघडं डोकं दिसावं, हे कुणाच्या मर्जीनं झालं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

वस्तीवर उतरले तेव्हा आत्याबाई अंगणात उभ्या होत्या. काहीतरी बोलायचं त्यांनी तयार ठेवलेलं असावं. पण त्यांची नजर माझ्या कानांवर गेली आणि त्या थबकल्या. आयुष्यभर त्यांनी किती जणींची बाळंतपणं काढली असतील, फडकं बघितल्यावर त्यांचे हात आपोआप चालायला लागले. बाज आत घेतली, शेगडी पेटवली, पाणी तापत ठेवलं. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावताना त्यांनी विचारलं, कुणी बांधलं? मी सगळं सांगितलं, मेंढीचंसुद्धा. त्या खाली मान घालून तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं न्हाई बांधलं कुनी."

ह्यांच्या आधी त्यांचं एक गेलं होतं. सहाव्यात. त्यांच्याही सासूनं तीच विहीर दाखवली होती, त्याच आसरा. हे त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सांगितलं, ह्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर आसरांचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. एकदा कापसाचा विषय मीच काढला, तर म्हणाल्या, "कापूस काय पळून जायलाय व्हय?" आणि स्वतःच कंबरेला झोळीसारखा ओटा बांधून वेचायला गेल्या.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही दोघी तलवाड्याला गेलो. फडकं देवीपुढेच सोडायचं, असं आत्याबाईंनी ठरवलं होतं. तपासणीला गेले तेव्हा मी त्या म्हातारीला हॉस्पिटलात शोधून आले होते, पण बाळंत झालेली बाई तिथं कितीशी राहणार. त्यामुळे देवीपुढे आधी मी तिच्या लेकीसाठी आणि नातवंडासाठी हात जोडले. ते मी आजही रोज करते. मग ओटी भरली, पदर पसरला, आणि मागायला काही सुचेना. शरण जायचं म्हणजे पदर पसरून आपलं गाऱ्हाणं नीट मांडायचं, असं मी समजत होते. त्या दिवशी पारावर मी काहीच मांडलं नव्हतं. एका परक्या बाईनं मान पुढे ओढली आणि मी ती ओढू दिली, इतकंच. लेकरू परत आलं नाही, दुःखही गेलं नाही. पण ते एकटीनं वाहायचं राहिलं नाही, यासाठी मी देवीचे पाय धरले.

फडकं सोडून हातात घेतलं. शेजारी आत्याबाई डोळे मिटून उभ्या होत्या. माझ्या काय मनात आलं, मी ते फडकं त्यांच्या डोक्यावरून घेतलं आणि कानांवर नीट बसवलं.

त्यांनी डोळे उघडले. "खुळी झालीस का? लोक बघायलेत."

"बघू द्या," मी म्हटलं.

त्यांचा हात वर गेला. मला वाटलं, आता काढतील. पण मग त्यांनी हात खाली घेतला आणि मला गाठ मारता यावी म्हणून मान जराशी पुढे केली. मी गाठ मारली आणि ओढून बघितली. घरी आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही, तसंच बांधून चुलीपुढे बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या.