दवबिंदूची कुंडी आणि तांदळाचं धुवण

राग अजून उतरलेला नाही, तरी लिहितेय.

माझ्याकडे दवबिंदूची कुंडी होती. पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारी ही वनस्पती उन्हाळ्यात वरून पूर्ण वाळते आणि मातीखाली कंदाच्या रूपात झोपून राहते. तेव्हा तिला पाणी अजिबात चालत नाही.

आज आठ दिवसांनी नांदेडहून लातूरला घरी आले, तर कुंडीत चिखल. उकरून पाहिलं. तीन वर्षं जपलेला कंद काळा, लिबलिबीत झाला होता.

सासूबाई म्हणाल्या, "पार वाळून गेलतं माय. रोज तांदळाचं धुवण घातलं. तहानेनं मरू द्यावं का?"

"हजारदा सांगितलं होतं, पाणी घालू नका म्हणून," मी ओरडले.

"मला कवा सांगितलंस?"

सांगितलं होतं ते नवऱ्याला. सासूबाईंना काय कळणार, असं मीच धरून चालले होते. टँकरच्या रांगेत उभं राहून ज्यांनी झाडं जगवली, त्यांना वाळलेली कुंडी कोरडीच ठेवायची हे न सांगता कसं कळावं?

कंद गेल्याचा राग आहेच. पण ओरडले चुकीच्या माणसावर, आणि अजून माफी मागितलेली नाही.

"त्यांना काय कळणार" म्हणून तुम्ही घरात कुणाला काय सांगितलेलं नाही?